जर्मनचा डबा

आमच्याकडं ॲल्युमिनियम हा शब्द कुणी वापरत नाही. जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची ताटली, जर्मनचा डबा. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण माझ्या आईच्या तोंडात तेच होतं, बायकोच्या तोंडात तेच आहे, आणि रागाच्या भरात माझ्याही तोंडून तेच गेलं. एका शब्दानं माणसाचा किती सत्यानाश होतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मी पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात होतो. जन्म गेला पावत्या फाडण्यात आणि लोकांवर ओरडण्यात. हो, ओरडण्यात. माझा स्वभाव तापट आहे हे मी लपवत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायको म्हणते, तुमच्या तोंडापरीस मालगाडीचं इंजिन बरं, ते निदान शिट्टी देऊन येतं.

मास्तरांची आणि माझी ओळखही ओरडण्यातूनच झाली. ते इथल्या उर्दू शाळेत शिकवायचे. एक दिवस पार्सल सोडवायला आले आणि पावती घरी विसरून आले. मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो थांबेचना. मास्तर बाकड्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाबू, ओरडून झालं की सांगा. मी बसतो इथं."

मला हसू आलं. काय करता! पार्सल काढून दिलं. बारदान फाटलं होतं आणि आतलं पुस्तक बाहेर डोकावत होतं. जगभरच्या नाण्यांचं जाडजूड पुस्तक, पानोपानी गोल गोल चित्रं. मी विचारलं, ह्याचं काय करता? "बघतो," मास्तर म्हणाले. "तुमी बी बघा, फुकट आहे." त्या दिवसापासून मी बघायला लागलो ते आजतागायत.

मास्तरांना चांदीच्या परदेशी नाण्यांचा नाद. त्यातही सरसकट नाही. एखाद्या देशाच्या सरकारी टांकसाळीतून निघालेलं, तिथल्या बाजारात खरोखर चाललेलं, लोकांच्या खिशात झिजलेलं नाणं पाहिजे. कपाटात ठेवायला म्हणून पाडलेल्या चकचकीत नाण्यांना ते 'नवरदेव' म्हणायचे. "नुसते नटलेत. काम काय केलं यांनी?"

त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो जर्मनीच्या पाच मार्कच्या नाण्यांवर. एका बाजूला पंख पसरलेला गरुड, दुसऱ्या बाजूला पाचाचा आकडा. त्या देशात तेव्हा हे नाणं चार गावच्या टांकसाळींत पडायचं, आणि कुठल्या टांकसाळीतून निघालं ते सांगायला नाण्यावर एक बारीक अक्षर असायचं. डी, एफ, जी, जे. नाणं तेच, गरुड तोच, फरक त्या मोहरीएवढ्या अक्षराचा. मास्तरांना एकाच सालाची चारही अक्षरं पाहिजे होती.

लोक म्हणतील, काय खुळेपणा! पण त्या खुळेपणात आमची बावीस वर्षं मजेत गेली. डी हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात मिळालं, जुन्या कुलपांच्या ढिगात. एफ नांदेडच्या एका सराफाकडं मुशीत जायच्या बेतात होतं. सराफ म्हणाला, हलकी चांदी हाय, घेऊन काय करताव? 'जी' मिळालं राणीसावरगावला, जहाजावर नोकरी करून आलेल्या एका म्हाताऱ्याकडं. त्याच्यासाठी आम्ही जीपच्या टपावर बसून गेलो होतो आणि येताना वाटभर नाणं मास्तरांच्या मुठीत होतं. राहिलं जे. ते काही केल्या सापडेना.

नाणं पारखायची मास्तरांची एक रीत होती. आधी तळहातावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "चांदी पहिल्यांदा थंड लागते बाबू. मग बघता बघता तुमच्या हाताची ऊब उचलते. दुसरा धातू इतक्या लवकर आपला होत न्हाई." मग नाण्याच्या कडेवरून नख फिरवायचे. पाच मार्कच्या कडेला अक्षरं खोदलेली असतात. एकी, न्याय आणि स्वातंत्र्य, असा त्याचा अर्थ मास्तरांनी कुठून तरी काढला होता. नख खडखड करत गेलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

आणि मग 'जे' आलं. पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून, पोस्टानं. पण ते आलं तेव्हा मास्तरांचे डोळे जायला लागले होते. साखरेनं आधी एक डोळा खाल्ला, मग दुसरा. 'जे' हे अक्षर त्यांनी भिंगातून कसंबसं, एकदाच पाहिलं. नंतर सगळं नखानंच.

वर्षभरापूर्वी त्यांनी चारही नाणी माझ्या हवाली केली. प्रत्येक नाणं मधे प्लास्टिकची खिडकी असलेल्या चौकोनी पुठ्ठ्यात पिना मारून बसवलेलं, आणि ते चार पुठ्ठे पत्र्याच्या चपट्या डब्यात. डब्याला भोवताली चिकटपट्टी, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. "माझ्या घरात ठेवून काय करू?" ते म्हणाले. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. तुमच्याकडं राहू द्या. मागंन तवा द्या."

मी डबा आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. कपाटात ठेवायला काय झालं होतं मला? कपाटाला वाळवी लागली होती, हे कारण. आता त्या वाळवीलाही शिव्या देतो मी.

मास्तरांचा फोन आला तो एका रविवारी. आवाज लय खोल गेला होता. "बाबू, पोरगी न्यायला येणार हाय. गुरुवारी हैदराबादला जायलोय. आता किडनीचं बी सुरू झालं. परत पूर्ण्याला यायचं काही खरं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "बुधवारी डबा घेऊन या. जाण्याआधी चारी एकदा हातात घ्यायचेत. बोटांतली जान गेलीय, काय कळायचं न्हाई, पण वजन तरी कळंल."

मी म्हटलं, आणतो की मास्तर, त्यात काय! फोन ठेवला, स्टुलावर चढलो, फळीवर हात फिरवला. डबा नाही. मागं नाही, पुढं नाही, पिठाच्या डब्याआड नाही.

"इथला डबा कुठाय?" मी ओरडलो.

बायको दळण निवडत बसली होती. "कोणता?"

"चपटा! चिकटपट्टीचा!"

"त्यो?" ती म्हणाली. "त्यो तर मागच्या आठवड्यात भंगारवाल्याला दिला न्हाई का. जुन्या जर्मनच्या पातेल्यांसंगं. तुमीच तर म्हणलात."

"मी म्हणलो? मी?"

"मी फोन करून इचारलं की. तुमी बँकेत होताव."

स्टुलावर उभ्या उभ्या मला सगळं आठवलं. हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेलो होतो. मी जिवंत आहे हे पटवायला दोन तास रांगेत उभा होतो, मशीन माझा अंगठा घेईना आणि डोकं भडकलेलं. तेवढ्यात हिचा फोन. 'अवो, फळीवरल्या चपट्या डब्यात काय हाय?' आणि मी सगळ्या बँकेला ऐकू जाईल असा खेकसलो होतो, 'जर्मन हाय जर्मन! सतरा बार सांगितलंय तुला!' आणि फोन कापला होता.

त्या वेळी दारात भंगारवाला उभा होता. लोखंड, पत्रा, जर्मन, तांबा, पितळ, रद्दी असं ओरडत. हिनं विचारलं काय आहे, मी नाण्यांचं जर्मन सांगितलं, हिनं पातेल्यांचं ऐकलं. ती तरी काय करणार? पण हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. तिच्या बापाचा उद्धार केला, तिच्या शाळेचा केला. चाळीस वर्षांत तिनं माझं पुष्कळ ऐकून घेतलंय, पण त्या दिवशी ती एकच वाक्य बोलली. "चांदी हाय म्हणला असताव तर मी देवापाशी ठिवला असता." आणि दळणाचं सूप बाजूला सारून आत गेली.

खरं होतं तिचं. पण मी कबूल केलं नाही.

सोमवारी सकाळीच मी भंगारवाल्याला गाठलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी चोरीचा आळ घ्यायला आलोय. "काका, मी डबा जर्मन म्हणून घेतला," तो म्हणाला. "गोडाऊनला मालक म्हणला, ह्यो पत्रा हाय, जर्मन न्हाई, पत्र्यात टाक. हालवला तर आत खडखडलं. उघडला, तर पुठ्ठे निघाले. डबा पत्र्यात टाकला, पुठ्ठे रद्दीत."

"अरे, पुठ्ठ्यात नाणी होती ना!"

"होतं काय तरी पिलास्टिकमधी. जत्रेतल्या खेळण्यातलं वाटलं मला. काळं पडलेलं होतं."

काळं पडलेलं! चांदी काळीच पडते रे बाबा, तिला काळंच राहू द्यायचं असतं, पुसली की तिची किंमत गेली, हे मास्तरांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. भंगारवाल्याला कुणी शिकवावं? मी कपाळावर हात मारून घेतला.

गोडाऊन नांदेड रस्त्याला. पत्र्याचं कुंपण, आत तीन डोंगर. लोखंड-पत्र्याचा एक, जर्मनचा एक, रद्दी-पुठ्ठ्याचा एक. मालक मला ओळखत होता, पार्सल ऑफिसात कधी तरी त्यानंही माझं ऐकून घेतलं असणार. तरी चांगला वागला. म्हणाला, "साहेब, पुठ्ठ्याची गाडी परवाच भरून गेली. गेलेलं गेलं. राहिलेलं हाय ते बघा. लागंल तेवढा वेळ बघा."

मी शर्टच्या बाह्या सारल्या आणि बसलो. औषधांची खोकी, फटाक्यांची खोकी, वह्यांचे पुठ्ठे, ओले, सुके, उंदरांनी कुरतडलेले. एकेक उलगडायचा, झटकायचा, मागं टाकायचा. दुपारपर्यंत कंबर धरली. ओळखीची माणसं रस्त्यानं जायची, थांबायची. कुणी म्हणायचं, पार्सलबाबू, रिटायर झाल्यावर हा धंदा बरा सुरू केला! मी कुणाला दोन शब्द ऐकवले, कुणाला चार. मग तेही सुचेना. संध्याकाळी मालकानं कुलूप लावलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. त्याच्या ओसरीवर बसून मी रडलो. वयाचा माणूस, पण रडलो. नाण्यांसाठी नाही. एक माणूस डोळे गेल्यावर ज्या एका माणसावर विसंबला तो माणूस मी होतो, म्हणून.

मंगळवारी मी गेलो तर मागोमाग बायको आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात पाण्याची बाटली. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मी पुठ्ठे झटकत होतो, ती पुठ्ठे झटकत नव्हती. ती खालची माती निवडायला लागली. ओंजळीत घ्यायची, पसरायची, खडे बाजूला करायची. दळण निवडतात तसं. मला तिचा राग आला, म्हटलं, माती काय निवडतीस? तिनं वर बघितलंही नाही.

चारच्या सुमाराला ती म्हणाली, "हे काय हाय बघा बरं."

पुठ्ठा फाटून गेला होता, प्लास्टिक चिरडलं होतं, पण आतला गरुड होता तसाच होता. मी थुंकी लावून पुसायला गेलो आणि मास्तरांची आठवण येऊन थांबलो. उन्हात धरून अक्षर बघितलं. जे.

मग आम्ही दोघांनी अंधार पडेस्तोवर सगळी माती पालथी घातली. बाकीची तीन नव्हती. डी नाही, एफ नाही, जी नाही. गाडीत गेली असतील, कागदाच्या कारखान्यात लगद्यात गेली असतील, काय माहीत!

घरी येताना बायको बोलली. "त्यान्ला खरं सांगा. माझं नाव सांगा. म्हणा, अडाणी बायकोनं घोळ केला."

आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. सुटका वाटली. घरी येईपर्यंत मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मग हातपाय धुताना माझं मलाच किळसवाणं वाटलं.

बुधवारी दुपारी मी मास्तरांकडं गेलो. दारात बांधलेल्या सुटकेसा होत्या. मुलगी आत सामान भरत होती. मास्तर पलंगावर उशीला टेकून बसले होते, इतके वाळलेले की टोपी मोठी झाली होती. माझी चाहूल लागताच त्यांनी तळहात पुढं केला. "आणलं?"

खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आणलं मास्तर. चारी आणलेत."

मी काय करतोय हे मलाच कळत नव्हतं. खिशातलं एकुलतं एक नाणं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. तसेही ते मिटल्यासारखेच होते, पण सवय. नख कडेवरून खडखड करत गेलं. "डी," ते म्हणाले. "कुलपांच्या ढिगातलं."

"हां."

"दुसरं द्या."

मी ते नाणं उचललं, खिशाजवळ हात नेला, परत आणला आणि तेच नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. देवा, एवढ्यानं निभावू दे, एवढंच म्हणत होतो.

"एफ," मास्तर म्हणाले. "मुशीतून वाचलेलं."

तिसऱ्यांदा तेच. "जी. टपावर बसून गेलतो, याद हाय का? तुमची टोपी उडाली होती."

"याद हाय मास्तर."

चौथ्यांदा ठेवलं तेव्हा मास्तरांनी नखही फिरवलं नाही. नुसती मूठ मिटून बसले. आत मुलीनं सुटकेसची चेन ओढली तो आवाज आला.

"हे जे," ते शेवटी म्हणाले. "आज चारी ऊनऊन लागायलेत बाबू."

"खिशात होते ना मास्तर. बाहेर ऊन लय हाय."

"हौ. ऊन लय हाय." ते हसले. मग मूठ छातीशी नेली. "हे एक मी संगं नेतो. बाकीचे तीन तुमच्याकडंच राहू द्या. नीट सांभाळा."

मी त्यांचा गुडघा धरला आणि लहान लेकरागत हुंदके द्यायला लागलो. सगळं सांगायला लागलो, बँक, फोन, भंगार, पण एक शब्द धड निघत नव्हता. मास्तर थांबले. पहिल्या दिवशी बाकड्यावर बसून थांबले होते तसेच. माझं रडून झाल्यावर त्यांनी चाचपत माझा हात शोधला. नखात अजून गोडाऊनची माती होती, ती त्यांच्या बोटांना कळली असणार. बोटांतली जान गेलीय म्हणे!

"दोन दिवस सगळं पूर्णा तुमालाच हसायलंय," ते म्हणाले. "माझे डोळे गेलेत, कान न्हाई गेले. भाभीवर ओरडू नका बाबू. जर्मनला आमी बी जर्मनच म्हणतो."